वर्षाची स्टेटमेंट्स आपोआप आवरायची असतील, तर स्क्रिप्ट वर्षातून एकदा चालवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. बँक, क्रेडिट कार्ड, फोन, वीज अशी सगळी मासिक स्टेटमेंट्स पीडीएफ होऊन येतात आणि एकाच फोल्डरमध्ये साठत जातात. दर वर्षी एक जानेवारीला कॉम्प्युटरने आपणहून सरलेल्या वर्षाच्या नावाचं फोल्डर करावं, त्या वर्षाच्या फाइल्स त्यात हलवाव्यात, त्याची झिप करावी आणि मूळ फोल्डर मोकळं करून ठेवावं. स्क्रिप्ट कशी लिहायची, आणि ती वेळेवर चालेल याची खात्री कशी करायची?

स्क्रिप्ट अवघड नाही. पॉवरशेल (विंडोजची आज्ञांची भाषा), पायथन, साधी शेल स्क्रिप्ट, काहीही घ्या, चाळीस-पन्नास ओळींत काम होतं. माझा आक्षेप आहे तो 'दर वर्षी एक जानेवारीला' या चार शब्दांना. सर्व्हर आणि ऑफिसातली मशीन्स सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली: रोज चालणारं काम बिघडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं आणि दुपारपर्यंत दुरुस्त होतं. वर्षातून एकदा चालणारं काम मात्र प्रत्येक वेळी जवळपास पहिल्यांदाच चाललेलं असतं. मधल्या बारा महिन्यांत पासवर्ड बदललेला असतो, फोल्डरची जागा हललेली असते, कधी मशीनच नवीन आलेलं असतं. ज्याने स्क्रिप्ट लिहिली त्याला ती कुठे ठेवली हेही आठवत नसतं, आणि तो माणूस म्हणजे बहुतेक वेळा आपणच असतो.

म्हणून मी कामाचे दोन तुकडे करतो. पहिला तुकडा रोज चालतो: नवीन आलेली फाइल ओळखायची, तिला नीट नाव द्यायचं आणि लगेच तिच्या वर्षाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. दुसरा तुकडा म्हणजे वर्ष 'बंद' करणं. तो तारखेवर अवलंबून नसतो, वर्ष पूर्ण भरलं की होतो. एक जानेवारीला करायचं असं काही उरतच नाही.

आता खरा गुंता, म्हणजे फाइल कोणत्या वर्षाची हे ठरवणं. बहुतेक तयार स्क्रिप्ट्स इथे फाइलची 'मॉडिफाइड' तारीख बघतात आणि तिथेच फसतात. ती तारीख बऱ्याचदा तुम्ही फाइल उतरवून घेतली त्या क्षणाची असते, स्टेटमेंटची नसते. डिसेंबरचं स्टेटमेंट येतंच जानेवारीत. मार्चमध्ये बसून मागच्या वर्षाची राहिलेली आठ स्टेटमेंट्स एकदम उतरवली, तर आठही एकाच दिवशीची दिसणार. विंडोजवर तर आणखी गंमत आहे. फाइल कॉपी केली की 'मॉडिफाइड' तारीख जुनीच राहते, पण 'क्रिएटेड' तारीख आजची होते. त्यामुळे फाइल 'तयार' व्हायच्या आधीच 'बदललेली' दिसते. या दोन्ही तारखांवर वर्ष ठरवू नका.

वर्ष ठरवायचं ते स्टेटमेंटच्या कालावधीवरून. इथे एक नियम आधी ठरवून टाका, कारण कार्डाचं स्टेटमेंट सोळा डिसेंबर ते पंधरा जानेवारी असंही असतं. ते कोणत्या वर्षाचं? दोन्ही उत्तरं चालतील, पण दर वर्षी तेच उत्तर हवं. मी कालावधीची शेवटची तारीख धरतो. म्हणजे वरचं स्टेटमेंट जानेवारीचं, नवीन वर्षाचं. असं धरलं की प्रत्येक खात्याला वर्षात बरोबर बारा फाइल्स मिळतात, आणि पुढे मोजणी करताना हा बारा आकडा फार उपयोगी पडतो.

तुमचं वर्ष जानेवारीला सुरू होत नसेल, तर स्क्रिप्टमध्ये 'वर्षाचा पहिला महिना' असा एकच आकडा वर लिहून ठेवा. काही देशांत आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, काहींत जुलैला. हिशेब सोपा आहे: स्टेटमेंटचा महिना त्या आकड्यापेक्षा लहान असेल तर वर्षातून एक वजा करायचा. पहिला महिना ४ असेल तर मार्च २०२४ चं स्टेटमेंट २०२३ मध्ये जातं, एप्रिल २०२४ चं २०२४ मध्ये. फोल्डरचं नाव २०२३-२४ असं ठेवा, म्हणजे नुसतं २०२३ पाहून कॅलेंडरचं वर्ष की आर्थिक वर्ष असा गोंधळ होत नाही.

नावाबद्दल. माझ्याकडे फाइलचं नाव असं असतं: आधी खात्याचं छोटं नाव, मग वर्ष, मग दोन आकडी महिना, मध्ये आडव्या रेघा. उदाहरणार्थ 'बचत-२०२३-०७'. वर्ष आधी, महिना नंतर आणि सातचा ०७, हा क्रम आयएसओ ८६०१ या मानकातला आहे. त्याचा फायदा असा की नावानुसार लावलेली यादी आपोआप तारखेनुसारही लागते. 'जुलै २०२३' असं नाव ठेवलंत तर यादीत एप्रिल, ऑक्टोबर आणि जुलै आपल्या अक्षरांच्या क्रमाने बसतात, महिन्यांच्या नाही. खात्याचा पूर्ण क्रमांक नावात घालू नका. फाइलची नावं नकळत बऱ्याच ठिकाणी उमटतात, लॉगमध्ये, ईमेलच्या जोडणीत, 'नुकत्याच उघडलेल्या' यादीत.

एक उपसूचना. मी इथे मराठी आकडे लिहितोय, पण प्रत्यक्ष फाइलच्या नावात आकडे इंग्रजीच ठेवा. मराठी आकड्यांची फाइल दिसते छान, पण साधनं एकमेकांशी जुळत नाहीत. पायथन 'कोणताही अंक' या शोधात मराठी अंकही पकडतो आणि त्याची संख्याही बनवतो. पॉवरशेलमध्ये त्याच शोधाला मराठी अंक सापडतो, पण संख्या बनवायला गेलात की पॉवरशेल चूक दाखवून थांबतं. खात्याचं नाव मात्र मराठीत ठेवायला हरकत नाही. फक्त एक खड्डा माहीत असू द्या. विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल ५.१ स्क्रिप्टची फाइल, तिच्या सुरुवातीला बीओएम नावाची खूण नसेल, तर जुन्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या जुन्या पद्धतीने, वाचतं. मग स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं 'बचत' त्याला भलत्याच अक्षरांच्या रूपात दिसतं, तुमचं खरं फोल्डर त्याला सापडत नाही आणि तो त्या भलत्या नावाचं नवं फोल्डर आनंदाने बनवतो. स्क्रिप्ट सेव्ह करताना 'यूटीएफ-८ विथ बीओएम' निवडलं, किंवा पॉवरशेल ७ वापरलं, की हा प्रश्न मिटतो.

मग आलेल्या फाइलचा महिना ओळखायचा कसा? आधी मूळ नाव बघा. अनेक संस्था नावातच तारीख देतात आणि ती महिनोन्महिने एकाच पद्धतीची असते. ते नसेल तर पीडीएफच्या आतला मजकूर काढावा लागतो. पॉपलर या संचातलं पीडीएफ-टू-टेक्स्ट हे साधन त्यासाठी पुरतं, आणि मांडणी जशीच्या तशी ठेवायचा त्याचा पर्याय वापरला तर रकाने एकमेकांत मिसळत नाहीत. त्या मजकुरातून तारीख शोधताना 'पहिली दिसेल ती तारीख' घेऊ नका. स्टेटमेंटच्या पहिल्या पानावर तीन-चार तारखा असतात: छापल्याची, कालावधीची सुरुवात, शेवट आणि पैसे भरायची अंतिम तारीख. माझ्या एका जुन्या स्क्रिप्टने एका कार्डाची अंतिम भरणा तारीख उचलली होती. अकरा महिने सगळं एक महिना पुढे सरकलेलं होतं, पण सुसंगत, त्यामुळे कोणाच्या नजरेत आलं नाही. डिसेंबरचं स्टेटमेंट पुढच्या वर्षाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसलं तेव्हा उलगडा झाला. म्हणून तारखेच्या आधीचा शब्दही शोधात घ्या, 'कालावधी' किंवा त्या संस्थेचा जो शब्द असेल तो. प्रत्येक संस्थेसाठी वेगळा नियम लिहा, कारण ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे त्या त्या संस्थेलाच माहीत.

स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर आत मजकूरच नसतो, रिकामी ओळ परत येते. त्यासाठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं तंत्र, लावता येतं, पण महिन्याला एक-दोन फाइल्ससाठी मी ते करत नाही. त्या मी 'तपासायच्या' या फोल्डरमध्ये टाकतो आणि नाव हाताने देतो.

हे 'तपासायच्या' फोल्डर मात्र प्रत्येकाने ठेवावंच. स्क्रिप्टला शंका आली की तिने अंदाज बांधायचा नाही, फाइल तिथे ठेवायची आणि गप्प बसायचं. संस्थेने स्टेटमेंटचा साचा बदलला की पहिल्यांदा ते याच फोल्डरमध्ये दिसतं.

तसंच '(१)' चं. एकच स्टेटमेंट चुकून दोनदा उतरवलं की ब्राउझर दुसऱ्याच्या नावामागे कंसात एक लावतो. दोन्ही फाइल्सचा हॅश, म्हणजे फाइलच्या प्रत्येक बाइटवरून काढलेला तिचा ठसा, सारखा आला तर दुसरी बिनधास्त काढून टाका. पण हॅश वेगळा आला म्हणजे मजकूर वेगळा असेलच असं नाही. काही संस्था प्रत्येक वेळी मागितल्यावर पीडीएफ नव्याने तयार करतात आणि आत तयार केल्याची वेळ लिहितात, त्यामुळे एकाच महिन्याच्या दोन प्रतींचे हॅश जुळत नाहीत. उलट कधी खरोखरच सुधारित स्टेटमेंट आलेलं असतं. त्यामुळे नाव तेच आणि हॅश वेगळा असेल, तर 'तपासायच्या'.

आता फाइल हलवण्याबद्दल. इथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे, म्हणून जरा सविस्तर.

एका ठिकाणी मी लिनक्स सर्व्हरवर अगदी साधी स्क्रिप्ट लावली होती. एका खात्याच्या बारा फाइल्स, ०१ पासून १२ पर्यंत. एकेक फाइल घ्यायची आणि एमव्ही आज्ञेने वर्षाच्या फोल्डरमध्ये हलवायची. फोल्डर मी दर वर्षी आधी हाताने बनवत असे. एका वर्षी विसरलो. रात्री स्क्रिप्ट चालली, एकही चूक दाखवली नाही. सकाळी पाहिलं तर वर्षाच्या नावाचं फोल्डर नव्हतं. त्या नावाची एक फाइल होती, नावाला शेपूटही नाही. उघडली तर आत डिसेंबरचं स्टेटमेंट. बाकी अकरा नाहीत.

झालं असं की एमव्ही ही आज्ञा हलवायचंही काम करते आणि नाव बदलायचंही. समोर त्या नावाचं फोल्डर असेल तर फाइल त्याच्या आत जाते, नसेल तर फाइललाच ते नाव मिळतं. जानेवारीची फाइल अशी वर्षाच्या नावाची झाली. मग फेब्रुवारीची आली, तिलाही तेच नाव मिळालं आणि ती जानेवारीवर बसली. असं करत करत शेवटी डिसेंबर उरला. स्क्रिप्टमधून चालताना ही आज्ञा 'आधीची फाइल पुसू का' असं विचारत नाही. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं. विंडोजच्या जुन्या बॅच फाइल्समधली मूव्ह आज्ञाही अशीच वागते: हाताने चालवली तर विचारते, बॅच फाइलमधून चालवली तर न विचारता वर लिहिते. पॉवरशेलचं मूव्ह-आयटम त्या मानाने शहाणं आहे. समोर त्या नावाची फाइल असेल तर, तुम्ही फोर्स लावला नसेल तोवर, चूक दाखवून थांबतं.

तेव्हापासून माझ्या स्क्रिप्टमध्ये क्रम ठरलेला आहे. आधी फोल्डर बनवायचं, असेल तर तसंच राहू द्यायचं. मग जायच्या जागी त्या नावाची फाइल आधीच आहे का ते बघायचं. मग हलवायचं नाही, कॉपी करायची. कॉपीचा आणि मूळ फाइलचा हॅश काढून ताडून बघायचा. जुळला तरच मूळ फाइल काढायची. एकाच डिस्कवर फाइल हलवणं म्हणजे फक्त तिचा पत्ता बदलणं असतं, तिथे एवढा खटाटोप लागत नाही, हे खरं. पण दुसऱ्या डिस्कवर किंवा नेटवर्कवरच्या जागी 'हलवणं' म्हणजे आतून कॉपी करून मूळ पुसणंच असतं, आणि आज एकाच डिस्कवर असलेली दोन फोल्डर्स दोन वर्षांनी तशी असतील याची हमी नाही. हॅशसाठी एसएचए-२५६ वापरा. पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅशमध्ये तोच मुळात लावलेला असतो, लिनक्सवर त्याच नावाची आज्ञा आहे. चौसष्ट अक्षरांची ओळ मिळते, ती एका साध्या मजकूर फाइलमध्ये त्या फाइलच्या नावासोबत लिहून ठेवा. पुढे त्याच यादीचा उपयोग आहे.

एवढं सगळं केलं की स्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी बिघडत नाही. दुसऱ्यांदा चालवली तर तिला करायला काही सापडत नाही, एवढंच. रोज चालवायचं तर हा गुण लागतोच.

वर्ष बंद करायचा तुकडा याच रोजच्या स्क्रिप्टच्या शेवटी असतो. खात्यांची यादी स्क्रिप्टला दिलेली असते, आणि प्रत्येक खात्याला वर्षात किती स्टेटमेंट्स अपेक्षित आहेत हेही. बहुतेकांना बारा, काहींना तिमाही म्हणून चार, आणि जे खातं मध्येच उघडलं किंवा बंद केलं त्याला त्या वर्षापुरता वेगळा आकडा. सरलेल्या वर्षाच्या फोल्डरमध्ये सगळ्यांचे आकडे जुळले की वर्ष पूर्ण. जुळले नाहीत तर स्क्रिप्ट सांगते: 'कार्ड-२०२३-०८ नाही'. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाची खरी कमाई ही एक ओळ आहे. फाइल्स आवरून ठेवणं हे हातानेही वर्षातून अर्ध्या तासात होतं, पण ऑगस्टचं स्टेटमेंट उतरवायचं राहून गेलं आहे हे हाताने आवरताना सहसा लक्षात येत नाही. आणि संस्थेच्या साइटवर जुनी स्टेटमेंट्स कायम मिळत नाहीत, ठरावीक काळापर्यंतच मिळतात. गरज पडते तेव्हा तो काळ उलटून गेलेला असतो. स्क्रिप्ट रोज चालत असेल तर ती हे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सांगते. फक्त महिना संपल्यावर तीस-पस्तीस दिवसांची सवलत द्या, नाहीतर दर महिन्याच्या दोन तारखेला उगाच ओरडत बसेल आणि तुम्ही तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकाल.

वर्ष पूर्ण भरलं की फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्स रीड-ओन्ली करायच्या, हॅशची यादी त्यात ठेवायची, संपलं.

झिप? प्रश्नात झिप आहे, म्हणून सांगतो: मी करत नाही. पीडीएफच्या आतला मजकूर सहसा आधीच आकुंचित केलेला असतो, झिप करून जागा फारशी वाचत नाही. बारा महिन्यांची दहा खाती धरली तरी ते काही एमबीचं प्रकरण. त्या बदल्यात शोध अवघड होतो, एक कागद बघायला आधी पेटी उघडावी लागते. शिवाय झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते. कॉपी अर्धवट झाली तर सुट्या फाइल्समधली एखादी जाते, पण झिप असेल तर ती सरळ उघडतच नाही, दुरुस्तीची साधनं शोधत बसावं लागतं. एकच फाइल कुठे पाठवायची किंवा चढवायची असेल तर झिप जरूर करा, पण सुटं फोल्डर काढून टाकू नका. पॉवरशेलच्या कॉम्प्रेस-आर्काइव्हला दोन जीबीपेक्षा मोठी फाइल झेपत नाही. स्टेटमेंट्सना ती मर्यादा लागणार नाही, पण हीच स्क्रिप्ट उद्या फोटोंना लावाल तर लक्षात ठेवा. आणि झिपला जुन्या पद्धतीचा पासवर्ड लावून कागद सुरक्षित झाले असं समजू नका. ते कुलूप कमकुवत आहे हे १९९४ पासून माहीत आहे, आणि आतल्या फाइल्सची नावं तर पासवर्डशिवायही दिसतात. कुलूप हवंच असेल तर सेव्हन-झिपचं स्वतःचं स्वरूप, एईएस हे मजबूत कुलूप आणि 'नावंही लपव' हा पर्याय घ्या.

वेळापत्रकाकडे येऊ. रोज चालवायचं ठरवलं की यातला निम्मा त्रास संपतो, कारण एखादा दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी काम होतं. तरी प्रत्येक ठिकाणचे काही काटे सांगतो.

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तीन गोष्टी बघा. सेटिंग्जच्या पानावर 'ठरलेली वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर चालव' अशा अर्थाची एक चौकट आहे. ती मुळात रिकामी असते, तिथे खूण करा. कंडिशन्सच्या पानावर 'वीजजोडणी असेल तरच चालव' ही चौकट मुळात भरलेली असते. लॅपटॉप कायम बॅटरीवर वापरणाऱ्यांची कामं यामुळे महिनोन्महिने चालत नाहीत आणि कारण सापडत नाही. तिसरं, 'कुठून सुरू करायचं' हा रकाना ऐच्छिक म्हणून रिकामा सोडला तर स्क्रिप्ट सिस्टम-३२ च्या फोल्डरमधून सुरू होते आणि तुमचे अर्धवट पत्ते तिथे शोधत बसते. सगळे पत्ते ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण लिहा. 'लॉगिन नसतानाही चालव' असं निवडलंत, तर तुम्हाला दिसणारी झेड वगैरे नेटवर्क ड्राइव्हज स्क्रिप्टला दिसत नाहीत. तिथे सर्व्हरचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. कॉपीसाठी रोबोकॉपी वापरत असाल तर शेवटी १ हा आकडा पाहून घाबरू नका. त्याच्या भाषेत १ म्हणजे फाइल्स कॉपी झाल्या, ० म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतं, आणि ८ पासून वर गेलं की खरी चूक. त्याचा 'मिरर' पर्याय मात्र या कामात हातात घेऊ नका. मूळ जागी जे नाही ते तो जायच्या जागेवरूनही पुसतो, आणि आपण तर मूळ जागा मोकळी करणार आहोत.

लिनक्सवर हेच काम करणारा क्रॉन मशीन बंद असताना चुकलेलं काम नंतर करत नाही. घरच्या मशीनसाठी अ‍ॅनाक्रॉन किंवा सिस्टमडी टायमर बरा, टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू करा. क्रॉनचा एक खास सापळा: त्याच्या तक्त्यात टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. तारखेच्या आज्ञेत वर्षासाठी टक्क्याचंच चिन्ह लागतं, त्यामुळे टर्मिनलवर छान चालणारी ओळ क्रॉनमध्ये अर्ध्यातच तुटते. प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा सरळ सगळं स्क्रिप्टमध्ये ठेवून क्रॉनला फक्त स्क्रिप्टचं नाव द्या. मॅकवर याच कामासाठी लाँचडी आहे. मशीन झोपलेलं असेल तर जागं झाल्यावर तो काम करून टाकतो, पूर्ण बंद असेल तर ती पाळी गेली.

चाचणीबद्दल दोनच गोष्टी. स्क्रिप्टने 'आज' कोणती तारीख आहे हे स्वतः घड्याळात बघू नये, ती तुम्ही बाहेरून द्यायची सोय ठेवा, दिली नाही तरच घड्याळ बघावं. मग जूनमध्ये बसून तिला '२ जानेवारी' सांगता येतं आणि वर्षाचा सांधा डोळ्यांसमोर तपासता येतो. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये तारखेचा जो तयार चल असतो त्याचे तुकडे पाडून वर्ष काढणारे नमुने खूप ठिकाणी दिसतात. ते घेऊ नका, त्याचा साचा त्या वापरकर्त्याच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतो. दुसरी गोष्ट कोरडी चाल, म्हणजे काय करणार ते फक्त सांग, करू नकोस. पॉवरशेलमध्ये व्हॉट-इफ, रोबोकॉपीत एल, आरसिंकमध्ये ड्राय-रन. एमव्हीला अशी सोय नाही, तिथे आज्ञेच्या आधी एको लिहून ओळी नुसत्या छापून बघा. पहिले दोन आठवडे स्क्रिप्ट रोज अशीच कोरडी चालवा आणि ती काय करणार होती ते वाचा. त्यातच बहुतेक चुका सापडतात.

शेवटचा मुद्दा पासवर्डचा. बरीच स्टेटमेंट्स पासवर्ड लावून येतात. पासवर्डचा नियम आज तुम्हाला पाठ असतो. मधेच संस्था नियम बदलते, खातं बंद होतं, आणि आठ वर्षांनी ती फाइल कोणालाच उघडत नाही, तुमच्या माघारी घरच्यांना तर नाहीच. मी फाइल आत घेतानाच क्यूपीडीएफ या साधनाने, माहीत असलेला पासवर्ड देऊन, कुलूप काढलेली प्रत बनवतो आणि तीच साठवतो. मूळ कुलूपवाली प्रतही शेजारच्या 'मूळ' फोल्डरमध्ये ठेवतो, कारण काही स्टेटमेंट्सवर डिजिटल सही असते आणि फाइल नव्याने लिहिली की ती सही पडताळणीत टिकत नाही. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका, पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधून किंवा सिस्टमच्या तिजोरीतून घ्या. कुलूप काढलेल्या प्रती ठेवायच्या तर अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी, विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स.

आणि हे सगळं फोल्डर क्लाउडशी सिंक होत असेल तर त्याला बॅकअप समजू नका. स्क्रिप्टने चुकून पुसलेली फाइल सिंक इमानेइतबारे क्लाउडवरूनही पुसतं. काही सिंक प्रोग्रॅम फाइल डिस्कवर न ठेवता नुसतं तिचं नाव दाखवतात. हॅश काढायला गेलं की एकेक फाइल नेटवरून खाली येऊ लागते आणि स्क्रिप्ट अडकल्यासारखी वाटते, तेव्हा हे फोल्डर 'कायम या मशीनवर ठेव' असं करून घ्या. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा. वर्ष बंद झालं की मी ती डिस्क जोडतो, मागच्या सगळ्या वर्षांच्या हॅश याद्या तिच्यावरच्या फाइल्सशी ताडून बघतो, मग नवीन वर्षाचं फोल्डर तिच्यावर टाकतो. हे एवढं काम मी स्क्रिप्टवर सोडलेलं नाही, डिस्क जोडायला माणूस लागतोच.